आवाज बंद ठेवून बोला

१

दर शनिवारी संध्याकाळी चहाचे कप विसळून झाले की आमच्या घरातली माणसं आपापल्या खोलीत जाऊन दारं लावून घेतात. नवरा झोपायच्या खोलीत, मोबाइल उशीला टेकवून. सासूबाई बाहेरच्या खोलीत, टॅब्लेट फुलदाणीला टेकवून. मी स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर जुना लॅपटॉप उघडून. चिंगीला, म्हणजे आमच्या सात वर्षांच्या लेकीला, खाली खेळायला पिटाळलेलं असतं. मग एकाच घरातले आम्ही तिघं तीन भिंतींआडून एका चौथ्या माणसाकडे बघत बसतो. त्याला ऑनलाइन कौटुंबिक समुपदेशन म्हणतात.

भांडणं आमच्याकडे नवी नाहीत. घरोघरी मातीच्या चुली, हे मलाही कळतं. पण आमची चूल विझायचं नावच घेत नव्हती. नवरा दातओठ खायचा, मी भांडी आपटायचे, सासूबाई मधूनमधून तेल ओतायच्या. एकदा असंच सगळं आटोपल्यावर बघतो तर चिंगी दिसेना. ती या टेबलाखाली बसली होती, कानांवर हात घट्ट दाबून. मी खाली वाकले तर म्हणाली, "संपलं का? की अजून आहे?"

त्या दिवशी आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघणंही टाळलं. मग नणंदेने हा समुपदेशक सुचवला. "आमचं घर बघ ना, कसं सोन्यासारखं झालंय," ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली आणि ओठ मिटून हसली. एरवी ही बाई हसली की पडजिभेपर्यंत सगळं दर्शन व्हायचं. मला वाटलं, चला, वळण लागलं.

मी एकच अट घातली. चिंगी यात बसणार नाही. आमची घाण आम्ही उपसू, तिच्या अंगावर शिंतोडा नको.

समुपदेशकाला मी मवाळराव म्हणते. गुळगुळीत दाढी, फिक्या रंगाची भिंत, आणि साय धरलेल्या कोमट दुधासारखा आवाज. पहिल्याच दिवशी त्याचं हसू बघून सासूबाई दारातून मला म्हणाल्या होत्या, "अशांचे दाखवायचे दात वेगळे असतात हो, खायचे वेगळे." सासूबाईंचं नि माझं एकमत झाल्याचा तो एवढा एकच प्रसंग.

त्याची पद्धत अशी. "एकमेकांना ऐकवलं की जखम होते," तो म्हणाला. "म्हणून माइक बंद करा. तोंडाने मात्र सगळं बोला, शब्दन् शब्द. मला ऐकायचं नाहीच, मी फक्त तोंडं बघतो. गरळ ओकून टाका. मी आहे ना."

आम्ही माइक बंद करतो आणि बोलतो. भिंतीपलीकडून नुसती कुजबुज येते. मवाळराव पडद्याच्या जवळ सरकतो. त्याचे ओठ विलग होतात, जबडा किंचित हलत राहतो, ओठाच्या कोपऱ्यात लाळ चमकते. आमचं बोलून संपलं की तो आवंढा गिळतो. एकच, मोठा. गळ्यातली गाठ सावकाश वर जाते आणि खाली येते. मग तो रुमालाने तोंड टिपतो आणि म्हणतो, "छान. आज भरपूर होतं."

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला किळस आली. आणि मी काही नाजूक बाई नाही. मी कवळ्या बनवते. दिवसभर माझ्यापुढे लोकांच्या तोंडातून निघालेले ठसे येतात, त्यांना चिकटलेली लाळ, कधी रक्ताचा धागा, कधी सकाळचा नाश्ता. लोकांना वाटतं सवयीने किळस मरते. मरत नाही, ती कामाला लागते. मला काम शिकवणारे वस्ताद म्हणायचे, ज्याची किळस गेली त्याला त्याच दिवशी घरी पाठवा, नाहीतर तो एक दिवस न धुतलेलं काहीतरी कुणाच्या तरी तोंडात घालेल.

२

पण गुण आला, हे नाकारून कसं चालेल? घर शांत झालं. ओला टॉवेल पलंगावर पडला तरी कुणाचा पारा चढेना. सासूबाई माझ्या हातच्या चहाला गढूळ पाणी म्हणायच्या, त्या निमूट पिऊ लागल्या. चिंगी टेबलाखालून बाहेर आली. टेबलावर बसून पाय हलवत ती मला तिचा पुढचा हलणारा दात दाखवायची, जिभेने पुढे-मागे ढकलून. तेवढ्यासाठी मी त्या कोमट दुधातली साय खायलासुद्धा तयार होते.

माझा नवऱ्यावर एक जुना राग होता. माझे बाबा गेले त्या दिवशी मी दवाखान्यातून फोनवर फोन केले आणि हा फोन बंद करून झोपला होता. हा राग मी वर्षानुवर्षं सांभाळला होता. कुठलंही भांडण असो, शेवटी मी तिथेच येऊन थांबायचे. तो मी एका शनिवारी माइक बंद ठेवून बोलून टाकला. मवाळरावाने बराच वेळ जबडा हलवला.

नंतर कधीतरी मी तो राग शोधायला गेले. दात काढल्यावर जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते ना, तसं. राग नव्हता. बरं झालं म्हणावं, तर त्याच्या आजूबाजूचंही काही सापडेना. बाबांचा पलंग खिडकीशी होता की दाराशी? शेवटी त्यांनी मला काहीतरी सांगितलं होतं. काय सांगितलं होतं?

मी स्वतःला समजावलं की माणूस विसरतो, वय होतं. पण तसं तर चाळिशीत मला शाळेतल्या वर्गाचा हजेरीपट अजून पाठ आहे.

बाबांचं एक मात्र शाबूत होतं, कारण ते माझ्या तोंडातच आहे. पुढच्या दोन दातांमधली फट. बाबांना होती, मला आहे. त्यांनीच मला तिच्यातून शीळ घालायला शिकवलं. चिंगीला खालून बोलवायचं असलं की मी बाल्कनीतून तशी शीळ घालते, आणि ती कितीही रंगात आलेली असली तरी धावत येते.

३

खटकणारी गोष्ट दिसली ती अशीच, बसल्या बसल्या. मवाळराव काहीतरी समजावून सांगत होता आणि मी सवयीप्रमाणे त्याचे दात बघत होते. खालच्या ओळीत डावा सुळा शेजारच्या दातावर चढला होता.

पहिल्या दिवशी तो चढलेला नव्हता. इतर माणसं चेहरे लक्षात ठेवतात, मी दात ठेवते. पहिल्या दिवशी त्याची बत्तिशी इतकी एकसारखी होती की मला वाटलं, कवळी असावी आणि बनवणाराही आळशी असावा.

मी माझ्यापरीने खूप कारणं काढली. नेट अडकतं, चित्र फाटतं, उजेड बाजूने येतो. पडद्यावर चेहरा उलटा दिसतो, हे तर मी स्वतःला दोनदा सांगितलं. पण उलटा दिसतो तो फक्त आपला, समोरच्याचा नाही. मग म्हटलं, चढलेला सुळा काय, निम्म्या जगाला असतो.

माझ्या नवऱ्यालाही आहे. तो झोपेत दात खातो. जात्यात खडे दळल्यासारखा आवाज येतो. म्हणून मी त्याच्या दातांचा ठसा घेऊन त्याला नाइटगार्ड करून दिलं होतं, झोपताना दातांवर चढवायची पारदर्शक पट्टी. त्या ठशावरून ओतलेला प्लास्टरचा जबडा अजून माझ्या कामाच्या जागी फळीवर होता. तो मी पिशवीत घालून घरी आणला.

पुढच्या शनिवारी तो मी कॅमेऱ्याला दिसणार नाही असा टेबलाखाली मांडीवर धरला. मवाळराव बोलत होता. मी एकदा पडद्याकडे बघायचे, एकदा मांडीवर. सुळा तोच, त्याच कोनात. त्याच्या शेजारचा आत वळलेला दातही तोच. आणि वरच्या ओळीत पुढच्या दाताचा उडालेला टवका. कॉलेजात असताना दाताने बाटलीचं झाकण उघडायची पैज नवऱ्याने जिंकली होती, तेव्हाचा. असे टवके काही दुकानात मिळत नाहीत.

"काय बघताय?" मवाळरावाने विचारलं.

"काही नाही. तुमचं बोलणं ऐकतेय."

तो हसला, चांगला तोंड उघडून, पडजीभ दिसेपर्यंत. का कोण जाणे, मला एकदम नणंदेची आठवण झाली. माझ्या तोंडात आंबट पाणी आलं. मी नेट गेल्याचं नाटक करून लॅपटॉप मिटला आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा नाइटगार्ड हातात घेऊन आला. "हे सैल झालंय गं. तोंडात राहत नाही. तसं आता लागतही नाही म्हणा."

खरंच, कित्येक दिवसांत मी तो दळणाचा आवाज ऐकला नव्हता. मी त्याला ओढत खिडकीशी नेलं. "आ कर."

त्याने लगेच केला. पूर्वी असं सांगितलं असतं तर म्हणाला असता, मी काय बैल आहे बाजारातला? मी बोटाने त्याचा गाल बाजूला केला. कवळीसाठीचे तयार दात आमच्याकडे मेणाच्या पट्टीवर रोवून येतात, सगळे एका मापाचे, एका रंगाचे, कुणाचेच नसलेले. नवऱ्याच्या तोंडात तसे दात होते. सुळा सरळ उभा होता. टवका भरलेला होता. हिरड्या एकसारख्या फिक्या गुलाबी होत्या. मी नखाने ओढून बघितलं. घट्ट होते, त्याच्याच हिरडीतून आलेले.

मी नाक जवळ नेलं. वास नव्हता. सकाळची वेळ, दात न घासलेला माणूस, आणि तोंडाला कसलाच वास नाही. इतकी वर्षं मी या माणसाच्या तोंडाला नावं ठेवली, त्याच्या मचमच खाण्यावरून घर डोक्यावर घेतलं. पण असं स्वच्छ, रिकामं तोंड मी कधी बघितलं नव्हतं. प्लास्टिकच्या बादलीत डोकावल्यासारखं वाटलं. मला शिसारी आली.

"तुझे दात बदललेत," मी म्हटलं.

"सरळ झालेत का? मग चांगलंच झालं ना."

"चांगलं? अरे, माणसाचे दात असे आपोआप सरळ होतात का?"

"तू म्हणतेस तर नसतील होत."

मी सासूबाईंकडे गेले. त्यांची कवळी मीच केली होती. ती कपात तशीच पडून होती आणि पाण्यावर तवंग धरला होता. "आई, कवळी का लावत नाही?"

"आता गरज पडत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात सफरचंदाची फोड होती. ती त्यांनी तोंडात ठेवली आणि न चावता गिळली. अख्खी. गळ्यावरून ती उतरताना मला दिसली. ओठांच्या आत काय आहे ते मी बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही.

"आई, मला काहीतरी बोला," मी म्हटलं. माझा आवाज रडका झाला होता. "चहा गढूळ होता म्हणा. लेकीला वळण नाही म्हणा. काहीही म्हणा."

"तुझं सगळं छान असतं गं."

"तुम्हीच म्हणाला होता ना, दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे?"

"मी?" त्या प्रेमाने हसल्या, ओठ मिटून. "मला नाही अशा म्हणी येत."

ज्या बाईच्या म्हणींनी मी पंधरा वर्षं जळले, तिच्या पुढ्यात बसून मी हमसून रडले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला नकोसा झाला.

संध्याकाळी मवाळरावाचा निरोप आला. त्याचाच आवाज, रेकॉर्ड केलेला. "पुढच्या शनिवारी मुलीला बसवू या. मुलांना जड जात नाही. त्यांचं सगळं अजून हलतं असतं."

मी तो दोघांना ऐकवला. नवरा म्हणाला, "बसव की." सासूबाई म्हणाल्या, "बसव की." दोघांचा सूर एकच होता.

"भांड ना माझ्याशी!" मी नवऱ्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या. "लेक आहे ना तुझी? नाही म्हण ना!"

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

५

म्हणजे आता चिंगीसाठी मी एकटीच उरले. ठीक आहे. वस्तादांनी शिकवलंय तशी माझी किळस जागी आहे. तिच्या जोरावर मी आज शनिवारी एकटीच बसले. चिंगीला खाली पाठवलं, स्वयंपाकघराचं दार आतून लावलं, लॅपटॉप उघडला. दोघं बाहेर सोफ्यावर शेजारी शेजारी बसून होते, दवाखान्यात नंबर यायची वाट बघावी तसे.

मवाळराव पडद्यावर आला आणि मी सुरू झाले.

मी काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नाही. तुझ्या तोंडाच्या कोपऱ्यातल्या लाळेची मला घाण वाटते, म्हटलं. तुझ्या गळ्यातली ती गाठ वर-खाली होते तेव्हा मला ओकारी येते. माझ्या नवऱ्याचे दात तुझ्या तोंडात आहेत, माझ्या नणंदेचं हसू आहे, म्हातारीच्या म्हणीसुद्धा सोडल्या नाहीस. बाबांचा शेवटचा शब्द तू कुठे नेऊन ठेवलास, भडव्या? लोकांच्या घरातलं उष्टं खाऊन जगणारा तू किडा आहेस. माझ्या पोरीकडे बघशील तर तुझी बत्तिशी एकेक करून पकडीने उपटेन, मला ते काम येतं.

मी टेबलावर हात आपटत होते. माझी थुंकी पडद्यावर उडत होती. तो जवळ जवळ येत होता, ओठ विलग करून, आणि त्याचा जबडा हलत होता. मला वाटलं, घाबरला. त्याच्या कपाळाला घाम आला होता.

हळूहळू माझा जोर ओसरत गेला. मला वाटलं, दमले. पुढचं वाक्य जिभेवर होतं, पण ते का म्हणायचं होतं ते आठवेना. श्वास घ्यायला थांबले, आणि नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली.

माइकच्या चित्रावर लाल तिरकी रेघ होती.

मी बसल्या बसल्या माइक बंद केला होता. दर शनिवारी करते तसा. बोटाने आपलं आपण केलं होतं. त्याच्या कानावर यातला एक शब्द गेला नव्हता. त्याने फक्त माझं तोंड बघितलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मवाळरावाने आवंढा गिळला. मग तो हसला, आणि या वेळी तोंड उघडायचं थांबलंच नाही. दातांच्या मागे दात होते. त्यांच्याही मागे, जिथे घसा असायला हवा तिथे, काहीतरी ओलं आणि गुलाबी हलत होतं, बरीच माणसं एकदम आवाज बंद ठेवून बोलत असावीत तसं. मी डोळे बारीक करून बघायला लागले. तेवढ्यात त्याने रुमाल तोंडावर धरला.

"छान," तो म्हणाला. "हे फार जुनं होतं. मुरलेलं."

आता मला भडभडून ओकारी यायला हवी होती. मी सिंकवर हात टेकून उभी राहिले आणि वाट बघितली. नळ टपकत होता. पोट शांत होतं.

६

आज पुन्हा शनिवार. कप विसळून झाले.

सासूबाईंच्या कवळीच्या कपावरचा तवंग मी काढला नाही. त्रास होत नाही त्याचा. दुपारी कामावर एक ठसा तसाच पुढे दिला, न धुता. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नंतरच आलं.

बाल्कनीत जाऊन चिंगीला शीळ घातली. नुसती हवा निघाली. पुन्हा घातली, पुन्हा हवा. मग नावाने हाक मारली. ती वर आली, पण हळूहळू, एकेक पायरी चढत. दारात उभी राहून म्हणाली, "शीळ का नाही घातलीस?"

"ये, बस," मी म्हटलं. "काकांशी बोलायचंय."

"मी नाही बसायचं असं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं का?"

नवऱ्याने खुर्चीवर उशी ठेवली, तिची उंची पुरावी म्हणून. सासूबाईंनी तिचे केस कानामागे केले. मी दिवा तिच्या चेहऱ्यावर वळवला. घरात सगळे एकमेकांना मदत करत होते. असं आमच्याकडे पूर्वी कधी व्हायचं नाही.

पडद्यावर मवाळराव आला. नीटनेटका, प्रसन्न. मी माइक बंद करून दिला आणि बाजूला झाले.

 चिंगी पडद्याकडे बघत राहिली, जीभ हलणाऱ्या दातामागे धरून. मग मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं.

"आई, काकांना तुझी फट आहे."

मी पुढच्या दातांवरून जीभ फिरवली. सगळं सपाट होतं, सलग, काही अडकत नव्हतं.

"असेल," मी म्हटलं. "मागे बघू नकोस, बाळा. तू बोल."

तिने एकदा टेबलाखाली वाकून बघितलं. मग समोर बघून ती बोलायला लागली.